टॉवेलाखालचं दुखणं

हिंगोलीच्या दवाखान्यात माझं आणि शेजारच्या खाटेवरच्या बैलांच्या व्यापाऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन एकाच सकाळी झालं, कमरेखालचं बधिर करून. बधिरपणा उतरताना किती दुखतं, यावर एक तरुण डॉक्टर संशोधन करत होते. शून्य ते दहा यांतला आकडा सांगायचा. सात किंवा वर गेला की इंजेक्शन, नाहीतर गोळी.

बैलबाजारात भाव कापडाखाली बोटं दाबून ठरवतात; त्याच सवयीनं व्यापाऱ्यानं डॉक्टरांचा हात आपल्या टॉवेलाखाली ओढला आणि बोटं दाबली.

"काका, तोंडानं सांगा."

"पंधरा."

"दहापर्यंतच आहे."

"मंग नऊ घ्या. तुमचं न्हाई, माजं न्हाई."

त्याला इंजेक्शन मिळालं. मी पडलो निवृत्त मास्तर. शिकलेल्या माणसानं कण्हू नये, म्हणून रुबाबात म्हणालो, "दोन."

तासाभरात माझा रुबाबही उतरला. "डॉक्टर, दहा!"

"दोनाचे एकदम दहा? अहवालात कसं बसणार? चार लिहितो," म्हणत त्यांनी आणखी एक गोळी दिली.

व्यापारी पडल्या पडल्या म्हणाला, "गुर्जी, काहून लाजले? पयलाच आकडा कमी सांगितला, का बैल पाण्याच्या मोलानं गेला समजा."

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा येताना दिसले, तेव्हा मी आधी व्यापाऱ्याचा टॉवेल मागून घेतला.