बल म्हणजे उजवा

विमान गिरकी खायला लागलं की काय करायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. पॉवर काढायची, गिरकीच्या उलट्या बाजूचं पेडल शेवटपर्यंत दाबायचं, दांडा पुढं ढकलायचा. बेळगावात विमान शिकणाऱ्या आमच्या तुकडीत पाठांतरात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

त्या सकाळी सरांनी मुद्दाम डावी गिरकी घेतली आणि विमान माझ्या हाती दिलं. खालचे उसाचे फड गरगरायला लागले नि माझी बोबडीच वळली. उजवा पाय हलेना. डावा पेडलवर रुतून बसलेला. एरवी इंग्रजीत शिकवणारे सर कन्नडात ओरडले, "बल! बल!" बल म्हणजे उजवा. शेवटी माझ्या मांडीवर फटका मारून त्यांनी पाय काढायला लावला आणि स्वतः विमान सावरलं. तोवर आम्ही ठरलेल्या उंचीच्या पार खाली आलो होतो, म्हणून चौकशी लागली.

चौकशीत मी म्हणालो, "सर 'बल' म्हणाले. मला वाटलं, बळ लावायला सांगतायत. मला कन्नड येत नाही."

साफ खोटं. निपाणीच्या बाजारात कन्नडात घासाघीस करतच मी वाढलो. शब्द मला लख्ख कळला होता. भीतीनं पाय हलला नव्हता, इतकंच. कबूल केलं असतं तर काही उड्डाणं पुन्हा करावी लागली असती. सरांचं उडणं मात्र बंद झालं. त्यांना ऑफिसात कागदं लावायला बसवलं.

घरी माझं कौतुकच. आप्पा येईल-जाईल त्याला सांगायचे, "बल म्हंजी बळ वाटलं रं पोराला! कन्नड येतंय कुठं आमच्यात?" आणि हे सांगून झालं की भाजीवाल्याशी कन्नडात हुज्जत घालायचे. सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि मला स्वतःची किळस यायची.

लायसन्स हातात पडलं त्या दिवशी ऑफिसात सर भेटले. खुर्चीतून उठले. मोडक्या मराठीत म्हणाले, "तुला कन्नड येत न्हाय, मी आधी विचारायला पायजे होतं. माझ्यामुळं तुझा जीव गेला असता. राग धरू नको रं."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"असू दे, सर," मी म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि मी त्यांना माफ केलं.