खारीजवळचा हॉल

भाचीच्या लग्नाचा अंतरपाट माझ्या पिशवीत होता आणि मी अर्धा किलो खारी विकत घेत होतो.

आम्हा डोंबिवलीकरांसाठी ठाणे हा देश स्टेशनजवळच्या तलावापाशी संपतो. पुढे बाळकुम, कोलशेत असा अफाट मुलूख आहे आणि तिथे माणसं राहत नाहीत, नुसत्या लिफ्ट वर-खाली करतात, अशी आमची पक्की समजूत. मुहूर्त अकरा वीसचा. मी नवरीचा मामा. तरी मोबाइलचा नकाशा उघडला नाही. "खरा प्रवासी विचारत विचारत जातो," असं ताईला फोनवर सुनावून निघालेलो.

रिक्षावाल्यालाही हॉल सापडेना, म्हणून बाळकुमच्या पुढे उतरलो. समोर कुठल्याशा इटालियन गावाच्या नावाचा टॉवर. एवढ्या गॅलऱ्या, पण एक टॉवेल वाळत नव्हता! वॉचमनने आधी माझा फोटो काढला.

"कौनसा फ्लॅट?"

"फ्लॅट नाही हो, रस्ता विचारायचाय."

"उसके लिए भी फ्लॅट नंबर लगेगा."

व्हिसा नाकारला गेला. गेटबाहेर एक आजी सुकट विकत बसलेल्या. त्यांना विचारलं.

"लग्नाचा हॉल? खारीजवल हाय. सरल जा."

खारी (चहात बुडवून खायची). सोपं होतं. सरळ गेलो, बेकरी आली. रिकाम्या हाताने पत्ता काय विचारायचा, म्हणून खारी घेतली. बेकरीवाला म्हणाला, "हॉल? इथे भट्टी आहे फक्त." अकरा वाजून गेलेले. धावत परत आजींकडे.

"आजी, खारी मिळाली, हॉल नाही मिळाला!"

आजींनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "आरं येऱ्या, होऱ्या चालतान ती खारी!"

खारी (खाडी). होरी (होडी). येरा (वेडा; याला कंस लागला नाही). सोसायटीच्या ग्रुपवर लोकांचं शुद्धलेखन तपासणारा मी, आणि आगरी बोलीतला एक 'र' मला आडवा आला.

हॉलवर पोचलो तेव्हा चार मिनिटं उरलेली. भटजी घड्याळाकडे बघत होते, ताई दाराकडे. मी धापा टाकत म्हणालो, "ताई, या देशाबद्दल आपला फार गैरसमज..."

"अंतरपाट इकडे दे," ताई म्हणाली. "आणि ती खारीची पिशवी स्वतःच्या तोंडापुढे धर. मंगलाष्टकं संपली तरी खाली घेऊ नकोस."