जांभळाचे बदलीवाले

भोरमध्ये कायदा अक्षरशः पाळणारा एकच माणूस होता आणि तो नेमका माझ्या शेजारी राहत होता. सगळी आळी त्यांना चाचा म्हणायची. उभी हयात एसटीची गाडी चालवण्यात गेली, पण निवृत्त झाल्यावरही गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि बदलीवाला ड्रायव्हर आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, या दोन नियमांवर त्यांनी संसारसुद्धा केला. कोपऱ्यावरून साखर आणायची असली तरी चाची आतून ताटलीवर दोनदा चमचा वाजवायच्या, तेव्हा कुठे चाचा पायात चपला घालायचे.

अशा माणसाच्या अंगणात जांभळाचं एक म्हातारं झाड होतं. बुंधा आतून पोकळ आणि सगळा भार माझ्या स्वयंपाकघराच्या कौलांवर झुकलेला. वारा सुटला की आमची ही पातेली उचलून माजघरात पळायची. अडचणीचं झाड रविवारी, कचेरी बंद असताना गुपचूप पाडायचं, ही आमच्या आळीची रीत. मीही तेच सुचवलं. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना घाटात गाडी न्यूट्रलवर सोडायला सांगत होतो.

"घरचं झाड म्हनून काय झालं, भाऊ? परवानगी पायजे."

नगरपालिकेत अर्ज गेला, साहेब येऊन झाड बघून गेले आणि परवानगी मिळालीसुद्धा. अट एवढीच, की एका झाडाच्या बदली त्याच आवारात दोन झाडं लावून जगवायची.

इथेच माझं नशीब फुटलं. लोक आधी झाड पाडतात आणि मग जमलं तर रोप लावतात. चाचांचं उलटं. "बदलीवाला आल्याबिगर ह्याला स्टेरिंगवरनं उतरवायचा कसा?" ते भाटघरच्या रोपवाटिकेत गेले, एक आंबा आणि एक फणस मांडीवर घेऊन एसटीने परत आले, दोन्ही रोपं लावली आणि ती कर्ती होईपर्यंत जांभळाला हात लावायचा नाही असं जाहीर करून टाकलं. मग आमचं वाट बघणं सुरू झालं. आळीतून मेंढरं गेली, जाता जाता आंब्याचा शेंडा खाऊन गेली. "आंबा सीकवर गेलाय," ड्रायव्हर आजारी रजेवर जावा तसं चाचा म्हणाले. परवानगीची मुदत संपली, पुन्हा अर्ज. साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले, "अहो चाचा, तोडा की आता!" चाचांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. घरोघरी मोबाईल आले, तरी आमचा स्वयंपाक पावसाळाभर माजघरातच.

एका आषाढात फांदी कोसळली आणि फुटकी कौलं थेट आमटीत पडली. ही तशीच तरातरा शेजारी गेली. "चाचा, आता काय माणूस मेल्यावर तोडणार?" चाचा तडक आमच्याकडे आले. त्या वयात शिडी लावून स्वतः छपरावर चढले, नवी कौलं बसवली आणि खाली उतरून म्हणाले, "चुकलं, सूनबाई. पर त्यानं लई वर्सं सावली दिलीया. असंच कसं उतरवू त्याला?" हिने त्यांच्यापुढे चहा ठेवला. मला मात्र रागच आला होता, खरं सांगतो.

अखेर आंबा कुंपणाच्या भिंतीवरून डोकावला, फणसही सावरला. तोडणारे दोर घेऊन आले. चाचा तोवर पार थकले होते, पण खाकी शर्ट घालून ओट्यावर खुर्चीत बसले. "बेल तुमी द्यायची, भाऊ." सगळी आळी बघत असताना मी ताटलीवर दोनदा चमचा वाजवला. शरमेने मेल्यासारखं झालं. जांभूळ आमची कौलं सोडून मोकळ्या बाजूला आडवं झालं, तेव्हा चाचा खुर्चीचा हात धरून उभे राहिले होते.

त्याच वर्षी हिवाळ्यात एका दुपारी चाचा झोपले ते उठलेच नाहीत. आता आमचं स्वयंपाकघर कोरडं असतं, आमटी जागच्या जागी उकळते. फणसाची एक फांदी हळूहळू आमच्या कौलांकडे यायला लागली आहे. "वेळेवर परवानगी काढा," ही म्हणते. मी बरं म्हणतो आणि ओट्यावरच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहतो. मला त्यांची फार आठवण येते. नियमाचा एवढा पक्का माणूस, पण आयुष्यात एकदाच त्यांनी बेल न घेता, बदलीवाल्याची वाट न बघता गाडी सोडली.