सुई टोचून केलेला उपास

जैनांच्या पर्युषणातली, उपासाच्या दिवसांतली सकाळ होती. लग्न होऊन राजस्थानातलं पाली सोडून जळगावात आलेल्या धनकुंवरबाई मेहरूण भागातल्या घरात पाणी उकळत होत्या, कामाला येणारी दिवालीबाई भांडी घासत होती, तोच कडी वाजली. रोज इन्सुलिन टोचायला येणारा कंपाउंडर मुरलीधर दारात होता.

"काकी, खाणं तयार आहे ना?"

"तू गेलास की बसतेच," बाई खोटं बोलल्या. सगळी गल्ली उपास करत असताना आपणच खायचं, याची त्यांना लाज वाटे.

सुई टोचून मुरलीधर गेला, पण त्या खायला बसल्याच नाहीत. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. असं झालं की गोड द्यायचं, हे दिवालीबाईला ठाऊक होतं. "अक्का, गिळा, गूळ शे!"

"उपास बुडवतेस, मेले?" बाईंनी तिच्या थोबाडीत मारली. तरी तिने गूळ भरवलाच.

दिवालीबाईने बोलावलेले डॉक्टर आले ते चिडूनच. "निरोगी माणूस उपाशी राहिला की त्याचं शरीर आपलं इन्सुलिन आवरतं, साठवलेली साखर रक्तात सोडतं. टोचलेल्या इन्सुलिनला कोण आवरणार? पोटात काही असो-नसो, ते साखर उतरवतच राहतं. हिच्या गुळानं वाचलात."

बाईंची मान वर होईना. दिवालीबाईचा गाल अजून लाल होता. "हात जोरदार शे अक्कांचा," ती हसत म्हणाली, तशा त्या आणखीच ओशाळल्या.

"चुकलं माझं, दिवालीबाई," त्या कशाबशा म्हणाल्या. "उद्यापासून सुई झाली, की मी खाईपर्यंत माझ्यापाशी बसत जा."