शेवटच्या बूथमधली मावशी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कॉलेजात भाषा शिकवते, आणि स्टाफरूममध्ये कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सुरू केल्या की सगळ्यात आधी फिदीफिदी हसणारी मीच असते. या सदरातले अनुभवसुद्धा मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचते. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं मलाच हसू येतंय... पण लिहिते.

सुरतमध्ये प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षापासूनची गोष्ट. मी मूळची अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातली. पण आई मी रांगत होते तेव्हाच गेली, वडीलही लवकर गेले, आणि माझं सगळं शिक्षण वसतिगृहांत झालं. मोठा भाऊ सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवायच्या एका डाइंग युनिटमध्ये कामाला होता. बी.ए. झाल्यावर दादानं मला बोलावून घेतलं, सुरतच्या कोसाड भागातल्या त्याच्या खोलीवर. म्हणाला, "दोन वर्षं शीक. पण एकदा जरी नापास झालीस तर स्थळं बघायला लागणार, सांगून ठेवतो."

मी एम.ए.साठी भाषाशास्त्र आणि तौलनिक साहित्याला प्रवेश घेतला. वर्गात आम्ही मोजके पाच-सहाजण. लेक्चर इंग्रजीत, टिंगलटवाळी गुजरातीत. लेक्चर समजायचं, टवाळी समजायची नाही. बाकीचे हसले की मीही थोडं उशिरा हसायचे. घरी वहिनी जीव लावायची, पण ती सुरतेतच वाढलेली खान्देशची. "ताई, जेवी ल्या ना," म्हणायची आणि तिच्या आईशी अहिराणीत गप्पा मारत बसायची. दादाची बारा तासांची पाळी, आणि कारखान्यात राहून तो निम्मा हिंदीच बोलायला लागला होता. दिवसचे दिवस मी माझ्या बोलीतलं एक वाक्यसुद्धा ऐकत नसे. एकटेपणा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. नुसतं माणूस नसणं नव्हे ते.

दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट होता — आपल्या गावच्या बोलीचं वर्णन. त्यासाठी ती बोली बोलणारं माणूस, म्हणजे आमच्या विषयातला 'वक्ता', हवं. ते मला मिळेना. शेवटी सर वैतागून म्हणाले, "मग तूच तुझी वक्ता हो. प्रश्न तू विचार, उत्तर तूच दे, आणि टेप कर."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज दुपारी सगळे कँटीनला गेले की मी भाषेच्या लॅबमध्ये जायचे. दोन्ही बाजूंना उंच फळ्या असलेले ते बूथ, प्रत्येकात एक हेडफोन. मी सगळ्यात शेवटच्या बूथमध्ये बसायचे, डिपार्टमेंटचा छोटा टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवायचे, आणि हेडफोन कानाला लावायचे. त्याची गरज नव्हती. बाहेरची बडबड बंद व्हायची एवढंच.

पहिल्याच दिवशी मी मोठ्यानं विचारलं, "चुलीमागच्या भांडी ठेवायच्या जागेला काय म्हणतात?" आणि अडले. वसतिगृहात वाढलेल्या पोरीला चूल कुठली माहीत असणार! एवढ्यात कानात आवाज आला. बाईचा, जरा घोगरा.

"भानवस. आन् तू जेवलीस का गं?"

मला वाटलं, लॅबच्या टोकाला सरांची, हेडफोनवर शिकवायची पडदे लावलेली काचेची केबिन आहे, तिथून कुणीतरी माइकवर बोलतंय. साफसफाईला आलेली आपल्याकडची एखादी बाई असेल. मी म्हटलं, "नाही अजून, मावशी."

"मग रिकाम्या पोटी कामून बसलीस? डबा उघड आधी."

मी डबा उघडला. सुरतेत आल्यापासून कॉलेजात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी सोबतीनं जेवले.

मग रोजचंच झालं. मी विचारायचे, मावशी सांगायच्या. भिंतीत धान्य साठवायची जागा म्हणजे बळद, घराचं मातीचं सपाट छप्पर म्हणजे माळवद. मधेच चिडवायच्या, "एवढी शिकलीस, पन भाकर येती का थापाया?" मी पोट धरून हसायचे. तुम्ही म्हणाल, केबिनमध्ये डोकावून का नाही बघितलं? खरं सांगते, भीती वाटायची. भुताची नव्हे हो. बघायला गेले आणि ती बाई ओशाळून यायची बंद झाली तर, याची.

सरांना माझी टिपणं आवडली. पण ते म्हणाले, "हे शब्द तुझे नाहीत. कोण बोलतंय ते सांग, नाहीतर प्रोजेक्ट धरता येणार नाही." प्रोजेक्ट नाही म्हणजे नापास. नापास म्हणजे दादाची स्थळं.

विचारणं भागच होतं. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तोंडावर नाव विचारत नाहीत. कुणाची आई ते विचारतात. तेवढी एकच रीत मला गावाकडून आलेली. मी अदबीनं म्हटलं, "मावशी, तुम्ही कुणाच्या आई?"

कानात कुणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं.

"जेवून घे बाई. गार व्हतंय."

त्यानंतर मावशी कधीच बोलल्या नाहीत. मी रोज जायचे, प्रश्न विचारायचे, डबा न उघडता बसून राहायचे. एके दिवशी तिथले शिपाई काका आत आले. "बेन, एकलां एकलां कोनी साथे वात करो छो?" एकटी कुणाशी बोलतेस म्हणून विचारत होते. मी हेडफोन दाखवला. त्यांनी त्याची वायर हातात धरून वर उचलली. दुसरं टोक मोकळं होतं. लॅब नव्या इमारतीत हलवायची म्हणून दिवाळीआधीच सगळी जोडणी काढली होती, आणि केबिनला तेव्हापासून कुलूप होतं.

टेप मी ऐकली. माझा प्रश्न, मग शांतता, मग माझं हसणं. अर्थात हेडफोनमधला आवाज बाहेरच्या रेकॉर्डरवर येणारच नाही, तेव्हा तो काही पुरावा नाही. एकटेपणात माणसाला भास होतात, हेही मला मान्य आहे. पण सुट्टीत गावी गेले तेव्हा म्हाताऱ्या चुलतीनं चुलीमागं बोट दाखवलं आणि म्हणाली, "ही भानवस." मला न येणारा शब्द माझ्याच भासाला कसा आला?

प्रोजेक्टमध्ये वक्ता म्हणून मी स्वतःचंच नाव घातलं. सरांनी ते नाव दोनदा वाचलं आणि सही केली. पास झाले.

दादाला मात्र एका रविवारी विचारलं, "आईचा आवाज कसा होता रे?"

"आवाज नाही गं आठवत. दारात कुणीही आलं की आधी 'जेवलास का' विचारायची, एवढंच आठवतं."

"ते सगळ्यांच्याच आया विचारतात," मी म्हटलं.

"हो," दादा म्हणाला, "पण तुला कुणी विचारलंय?"