अंघोळ घालणाऱ्याचा जबाब

ती बाई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी तेव्हा मुळशीत सहायक फौजदार होतो. शिक्षण सातवी, पण अकस्मात मृत्यूचा पंचनामा माझ्यासारखा कुणी करून दाखवावा, असं मी आजही छातीठोक म्हणतो. ती डोंगरातल्या वाडीवरून चौकीत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “सायेब, माज्या मानसाला पुरलंय. लोकं म्हनत्यात, पिऊन मेला. त्यो पीत न्हवता. कशानं गेला तेवढं सांगा.”

नवरा पिरंगुटला एका शेडमध्ये वेल्डिंगच्या कामावर मदतनीस. ठेकेदारानं प्रेत टेम्पोत घालून वाडीवर पोचवलं होतं. वाडीनं पोलिसांना कळवलं नाही. कळवलं की प्रेत चिरफाडीला खाली शहरात न्यायचं, परत कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. म्हणून दिवस मावळायच्या आत पुरायचं, ही तिथली रीत. ठेकेदाराला ती पक्की ठाऊक होती.

त्याला बोलावून घेतलं. खुर्चीत रेलून म्हणतो, “पिऊन पडला, फौजदार. तुमी डाक्टर कदी झाला?”

“डाक्टर असतो तर तुला कशाला विचारलं असतं? बस हितंच.”

त्याला बसवून मी वाडी गाठली. पुरण्याआधी अंघोळ कुणी घातली, एवढंच विचारलं. ते काम पुरुषांचं, बाईनं अंग पाहिलेलं नव्हतं. मयताचा भाऊ पुढं आला.

“उजव्या तळव्याला काळा डाग व्हता, भाजल्यावानी. लई चोळला, गेला न्हाई.”

“मग बोलला का न्हाईस?”

“इचारलं कुनी?”

तहसीलदारांच्या हुकमानं प्रेत उकरलं. डॉक्टरांनी विजेचा धक्का लिहिला. ठेकेदाराला परत बोलावून भावाचा जबाब वाचून दाखवला, तेव्हा तो खुर्चीत सरळ झाला. उघड्या वायरचं वेल्डिंगचं मशीन माणूस गेल्यावर लगोलग शेडमधून हलवल्याचं त्यानं कबूल केलं.

बाईला सांगायला मी स्वतः गेलो. “आता रडते,” ती म्हणाली. “पिऊन मेलेल्यामागं रडले असते तर हसली असती लोकं.” आणि अंगणातच बसून रडली.

आता मी भुकूमला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतो. रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली की पाय तिकडं ओढ घेतात. नोकरीत असताना मी मीटिंगमध्ये वरिष्ठांना तोंडावर सांगितलं होतं, शवविच्छेदन तालुक्यातच करा, प्रेत त्याच दिवशी घरी द्या, अंघोळ घालणाऱ्याचा जबाब घ्या, मग वाडी आपणहून कळवील. साहेब हसले. मी हट्ट सोडलेला नाही.

माणूस कशानं गेला हे कळेपर्यंत घरच्यांना त्याची आठवण काढायचीसुद्धा चोरी होते, हे मला त्या बाईनं शिकवलं. अशा कितीतरी वाड्या वर डोंगरात आहेत, तिकडं अजून जीव ओढतो.