पहिला मासा नदीचा

संगमेश्वरला आमच्या शेजारी राहणारे चाचा रोज संध्याकाळी गळ घेऊन नदीवर बसत. बोलताना दर वाक्यामागे "होय की नाय?" विचारत आणि उत्तराची वाट न बघता पाण्याकडे वळत. मिळालेला पहिला मासा मात्र ते हलक्या हातानं सोडवून नदीला परत देत. वडिलांपासूनची रीत होती ती.

एकदा त्यांच्या मुलानं दुबईहून चिकन सॉसेजचे डबे पाठवले. गांडुळापेक्षा हे गळाला बरं टिकेल, असं मीच सुचवलं. नदीवर डबा उघडल्यावर चाचांनी त्यावरचं बारीक इंग्रजी माझ्याकडून वाचून घेतलं. मांस टिकवायची रसायनं ऐकून त्यांचा हात थांबला.

"हे माशाला बाधेल काय हो?"

मला ठाऊक नव्हतं. "चाचा, मासा मरणारच आहे," म्हणून मी हसलो.

"पहिला नाय मरायचा. त्याला काय असलं चारून घरी पाठवू?"

गळाला लावायचा तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला आणि ओल्या मातीत गांडूळ शोधू लागले.

"आणि तुम्हाला नाही बाधणार?"

"मला कोण परत सोडतोय? होय की नाय?"

या वेळी मात्र ते पाण्याकडे वळले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले.